मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोटो आला तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. फोनवर बोलायला गेलं की तुझं नेटवर्क जातं, आणि नेटवर्क असलं की माझा आवाज चढतो, मग तुझी आई हातातून फोन काढून घेते. म्हणून लिहितोय. टेकडीवर गेल्यावर मेसेज येतात म्हणालीस ना, तर तिथे बसून सावकाश वाच. लगेच उत्तर दे असं नाही.

फोटो छान आहे. चौघी ओसरीत बसलाय, मागे पाऊस, तू कशावर तरी जोरात हसतेयस. आजीला मोठा करून दाखवला, ती म्हणाली पोरगी काळवंडली पण तोंडावर तेज आलंय. आईनं तुझी नखं बघितली, मातीनं भरलेली. मी फक्त खाली बघितलं. निळी ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर चार उशा. म्हणजे तुम्ही जमिनीवर झोपता. आणि मच्छरदाणी कुठेच नाही, मी चार वेळा मोठा करून बघितला, खुंटीला गुंडाळून टांगलेली पण नाही दिसली.

काल नागपंचमी होती. तुझ्या लक्षात नसेल, तिकडे कोण सांगणार. आजीनं पाटावर गंधानं नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, दिवसभर कोणाला विळी-सुरी हातात घेऊ दिली नाही, दिंडं केली पुरणाची आणि तुझ्या नावाचं एक बाजूला काढून ठेवलं जे शेवटी रात्री मीच खाल्लं. हात जोडून काय म्हणत होती माहितीये? माझी नात तुझ्याच मुलखात आलीय, तिच्या वाटेला जाऊ नकोस बाबा. तिचं बरोबर आहे, सतपुडा म्हणजे नागाचाच मुलूख, याच दिवसांत पचमढीला नागद्वारीची जत्रा असते, नागपूर-अमरावतीकडून आपली मराठी माणसं हजारोंनी पावसात चिखल तुडवत जातात. तर सकाळी ही पूजा, आणि रात्री तुझा तो फोटो. झोप लागली नाही मला.

आता तू म्हणशील बाबांचं परत सुरू झालं. नाही. कॉलेजची सीट सोडून तू सतपुड्याच्या जंगलात गवताचं काम करायला गेलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाहीये. जूनमध्ये जे बोललो ते बोलायला नको होतं. गवत उपटायला बारावीत एक्क्याण्णव टक्के आणलेस का, असं म्हणालो मी, आणि ते सुद्धा आत्यासमोर. तू काहीच बोलली नाहीस, फक्त इतकंच की बाबा तुम्ही पण तर इंजिनिअर होऊन विजेच्या खांबांवर चढायचात. ते मला लागलं कारण ते खरं होतं. आणि ज्या दिवशी तू गेलीस त्या दिवशी फीडर बंद पडला म्हणून ऑफिसला जावं लागतंय असं सांगून मी स्टेशनवर आलो नाही, तर मनू, फीडर चालू होता. काही काम नव्हतं. नऊ वाजेपर्यंत टेबलाशी बसून होतो, तुझी ओव्हरनाइट एक्सप्रेस देवासच्या पुढे गेली असेल असं वाटलं तेव्हा उठलो आणि घरी आलो. आईला हे अजून माहीत नाही. म्हणजे आता तू सांगशीलच.

सीट गेली ती गेली. इथल्या इंदूरच्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजची सीट पहिल्या राउंडला मिळाली होती हे मी कोणाकोणाला सांगून बसलो होतो म्हणून मला जास्त त्रास झाला, तो माझा त्रास, तुझा नाही. खालच्या मजल्यावरच्या शर्माजींच्या मुलाचे क्लास सुरू झाले, रोज सकाळी गळ्यात आयकार्ड घालून निघतो, मी बघतो आणि आत येतो. जेईई मेन पुढच्या वर्षी परत देता येते, बारावीच्या वर्षापासून लागोपाठ तीन वर्षं चालतं, मी वाचून ठेवलंय. बाकी तुला जेव्हा ठरवायचं तेव्हा ठरव. बघ, म्हणालो बोलणार नाही आणि एवढं बोललो.

मुद्दा झोपण्याचा आहे.

करैत. आपण मराठीत मण्यार म्हणतो. काळा, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, दिवसा दिसणारच नाही, दिसला तरी गोगलगायीसारखा मंद वाटेल. रात्री बाहेर पडतो, आणि पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की कोरड्या जागेसाठी घरात येतो. उंदीर, पाली, दुसरे साप हे त्याचं खाणं, ते शोधत तो भिंतीच्या कडेनं फिरतो आणि जमिनीवर माणूस झोपलेला असला की अंथरुणात शिरतो. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, हा काही करत नाही. चावला तरी कळत नाही. सूज नाही, आग नाही, रक्त नाही, कधी कधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. माणूस झोपेतच असतो. पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो, सगळ्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत. मग बोलता येत नाही. मग श्वास.

म्हणून सांगतो, तुमच्यापैकी कोणाला पहाटे पोटात दुखायला लागलं आणि पापण्या मिटायला लागल्या तर ओवा-सोडा देत बसू नका. खूण शोधत बसू नका, साप शोधत बसू नका. घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, गावातल्या कोणाकडे झाडायला न्यायचं नाही. हात किंवा पाय, जिथे शंका असेल तो, फळीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा, आणि गाडी मिळेल ती काढून दवाखाना, १०८ ला फोन गाडीतून करत करत. औषध एकच आहे, चार मुख्य सापांवर मिळून, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण ते कुठे आहे आणि कुठे संपलंय हे आधी माहीत पाहिजे. सोहागपूरला आहे का, नाहीतर पिपरियाला की थेट नर्मदापुरमला जायचं, आणि श्वासाचं मशीन कुठे आहे, हे उद्याच तुमच्या त्या सरांना विचार आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. आपल्या देशात दर वर्षी साधारण ५८ हजार माणसं सर्पदंशानं जातात असा अंदाज आहे, बहुतेक खेड्यातली, साधारण निम्मी पावसाळ्यात.

लेक्चर झालं. सॉरी बेटा. तू जंगलात राहतेस, तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. परवा तू आईला व्हॉइस नोट पाठवलीस ती मी पण ऐकली, तीन वेळा, साज म्हणजे आपला ऐन, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते आणि उन्हाळ्यात त्या खोडात पाणी साठवलेलं असतं, मग मध्येच तो शेकरूचा आवाज आला आणि तू बोलता बोलता थांबलीस. ते थांबणं मला फार आवडलं. ऑफिसात चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. म्हटलं ऐका, माझी मुलगी सतपुड्यात आहे. आमचे नवीन जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, विचारत होते काय करते, मी सांगितलं की जिथून गावं उठून बाहेर गेली त्या जागी आता कुरण करतायत, तिथे टाकळा माजतो आणि चांगल्या गवताला वर येऊ देत नाही, तो बी धरायच्या आत उपटावा लागतो, आणि गवत का तर बारशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो. कान्ह्यात १९७० साली ६६ च उरले होते, तिथून वाढवून आता सतपुड्यात बोरीला आणून सोडलेत. हे सगळं तूच सांगितलेलं, मी पाठ केलंय. बोरी म्हणजे १८६५ सालचं, देशातलं पहिलं राखीव जंगल, हे मात्र मी स्वतः शोधलं. आजीचा फक्त एक प्रश्न आहे, की टाकळा उपटून फेकता कशाला, कोवळा असताना भाजी करा, लसूण घालून. ते खरंच विचार तिकडे.

ही सवय मीच लावली ना तुला. रविवारी सकाळी स्कूटरवर पुढे उभी करून सिरपूर तलावावर न्यायचो, पोहे डब्यात, जिलबी परत येताना. तेव्हा तिथे फार कोणी यायचं नाही, पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव वगैरे फार नंतर, २०२२ ला. तू सहा वर्षांची असशील, ती जांभळी पाणकोंबडी लाल पायांची, ती कमळाच्या पानांवरून चालत गेली आणि तू म्हणालीस बाबा तिचे पाय का बुडत नाहीत, आणि उत्तर मिळेपर्यंत घरी येणार नाही म्हणून बसून राहिलीस. मला उत्तर येत नव्हतं. मी काहीतरी भाराचं आणि क्षेत्रफळाचं सांगितलं, लांब बोटांमुळे वजन पसरतं असं, ते बरोबर निघालं. त्या दिवशी आपण आत्याच्या घरी जेवायला दोन तास उशिरा पोचलो आणि काकांनी ऐकवलं मला. आता आत्या म्हणते तूच बिघडवलंस तिला. बिघडवलं असेल तर असू दे.

पण तेव्हा संध्याकाळी तू घरी यायचीस. पलंगावर झोपायचीस.

मनू, तुला निमाडचे काका माहीत आहेत. दर दिवाळीला बेडियाच्या लाल मिरच्यांची पिशवी घेऊन येतात ते, लहानपणी तू त्यांच्या मिशांना घाबरून दाराआड लपायचीस. आई सगळ्यांना सांगते की यांनी त्यांची ट्रान्सफर करून दिली होती म्हणून येतात. तसं नाहीये. ट्रान्सफर मी कोणाचीच केलेली नाही कधी.

१९९७ ची गोष्ट आहे, ऑगस्टच, असाच पाऊस. मी सव्वीस वर्षांचा, नवीन नवीन जेई, निमाडात एका सबस्टेशनवर. सगळ्या मध्य प्रदेशाचं वीज बोर्ड तेव्हा एकच होतं, एमपीईबी. रात्री वादळात लाइन तुटली, अकरापर्यंत आम्ही भिजत फिरलो, जोडली, आणि परत जायला रस्ता नव्हता कारण नाल्याला पूर आलेला. कंट्रोल रूममध्ये एकच खाट. ते तेव्हा लाइनमन, माझ्याच वयाचे, दिवसभर खांबावर तेच चढले होते, मी खाली टॉर्च धरून उभा होतो. म्हणाले साहब आप ऊपर सो जाओ. आणि मी झोपलो. एकदाही म्हटलं नाही की तू झोप, किंवा दोघे खाली झोपू, किंवा खाट आडवी करून डोकी तरी वर ठेवू. साहेब होतो ना. ते खाली, पॅनलच्या मागे, जिथे केबलची नाली असते तिथे पोतं टाकून झोपले.

चार वाजता त्यांचं पोट दुखायला लागलं. मी लिंबू-सोडा दिला. परत खाटेवर पडलो. सहा वाजता बघतो तर बसलेत, डोळे मिटलेले, मी म्हटलं झोप आली असेल तर झोप, तर त्यांनी बोटानं पापणी वर उचलून माझ्याकडे बघितलं. बोटानं, मनू. म्हातारा चौकीदार आला सकाळचा, त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला इसको करैत ने काटा है. कुठेही खूण नव्हती. जीप काढली, नाल्यातून तशीच घातली. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं. तिथल्या कंपाउंडरनं एक रबरी पिशवी तोंडावर लावून दिली आणि म्हणाला ही दाबत राहा, हाताला थांबू देऊ नका, आणि तो बिचारा स्वतः पण जीपमध्ये बसला. इंदूरपर्यंत साडेतीन तास आम्ही दोघे आळीपाळीनं ती पिशवी दाबत होतो. छाती आपोआप हलायची बंद झाली होती, दाबली की वर, सोडली की खाली. मी मोजत होतो. अजूनही कधी कधी रात्री जाग आली की मोजतो.

वाचले. चार दिवस मशीनवर होते, मग एका सकाळी पापणी हलली. दोन महिन्यांनी कामावर परत. पुढे लग्न झालं, मुलं झाली, एक मुलगा आता इथेच विजयनगरला नोकरीला आहे. आणि ते दर दिवाळीला येतात आणि माझ्या पाया पडायला वाकतात, माझ्या बरोबरीचा माणूस, आणि मी त्यांना वरच्या वर धरतो. त्यांना वाटतं साहेबांनी जीव वाचवला. खाट कोणी घेतली होती हे त्यांनी कधी काढलं नाही. मी पण नाही काढलं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा कोणाला सांगतोय, आईलाही अर्धंच माहीत आहे.

हे तुला घाबरवायला नाही लिहिलं. म्हणजे, थोडं त्यासाठीच लिहिलं असेल. पण खरं कारण असं की तू विचारलं होतंस जाताना, बाबा तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते, माझं करिअर की लोक काय म्हणतील, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते दोन्ही होतंच थोडं थोडं. पण मला जमिनीवर झोपलेलं माणूस बघवत नाही. इथे उन्हाळ्यात गच्चीवर सुद्धा तुम्हाला कधी खाली झोपू दिलं नाही, तुम्ही दोघं चिडायचात, दादा तर म्हणायचा बाबांना गंमतच कळत नाही.

तर आता ऐक. मच्छरदाणी हे फक्त डासांसाठी नसतं. कडा गादीखाली नीट खोचलेल्या असल्या तर मण्यार आत येऊ शकत नाही, आणि जिथे लोक मच्छरदाणीत झोपतात तिथे असे दंश कमी होतात हे नेपाळमधे वगैरे तपासून बघितलंय लोकांनी. जमिनीवर झोपायलाच लागलं तरी मच्छरदाणी. खाट असली तरी मच्छरदाणी, कारण चादर खाली लोंबली की तीच शिडी होते. आज ऑफिस सुटल्यावर राजवाड्याजवळून घेऊन आलोय, औषध लावलेली, दोन. एक तुझी आणि एक तुझ्या शेजारी जी झोपते तिची, ती बैतूलची मुलगी. बाकी दोघींसाठी पुढच्या पगाराला पाठवतो, किंवा थांब, उद्याच घेतो. सोहागपूरच्या बाजारात दोरीच्या खाटा मिळतात, चार सांगायच्या, पैसे मी तुझ्या खात्यात टाकलेत, त्यात बूट पण बघ, घोट्याच्या वर येणारे. सकाळी घालायच्या आधी उलटे करून झटकायचे. रात्री बाथरूमला जाताना टॉर्च, दर वेळी, चांदणं असलं तरी. लाकडाच्या ढिगात हात घालायच्या आधी काठी. बस, एवढंच.

गणपतीला येशील का हे मी विचारणार नव्हतो. आई विचारेलच, तिला काय सांगायचं ते सांग. मिरवणुकीतल्या झांक्या यंदा कशा असतील माहीत नाही, तुला खांद्यावर घेऊन रात्रभर जेल रोडला उभा राहायचो तेव्हा तू तीन वाजता झोपून जायचीस आणि सकाळी भांडायचीस की उठवलं का नाही. आली नाहीस तरी चालेल. टाकळा बी धरायच्या आत काढायचा असतो ना, म्हणजे याच दिवसांत काम असणार, मला समजतं. भुट्ट्याचा कीस आई तेव्हाही करेल आणि तू ऑक्टोबरमध्ये आलीस तरी करेल, भुट्टे मिळाले तर.

आणखी एक. पुढच्या वर्षी कुठेही ॲडमिशन घेतलीस तर गॅपचं ॲफिडेव्हिट मागतात, नोटरी केलेलं, की मधलं वर्ष काय केलं. मी स्टॅम्प पेपर आणून कपाटात ठेवलाय. त्यात काय लिहायचं ते तूच सांग, मला नीट लिहिता येणार नाही. गवत, बारशिंगा, सगळं लिहू. घाई नाही.

आई म्हणतेय दीड तास झाला, काय लिहिताय एवढं. पार्सल उद्या निघेल, दोन-तीन दिवसांत सोहागपूरला पोचेल, तुमच्या जीपवाल्याला घ्यायला सांग. त्यात शेवेचा डबा आहे, आजीनं लाह्या पण घातल्यात कालच्या. खिळे आणि सुतळी सुद्धा टाकलीय, म्हणजे टांगायला काही नव्हतं असं होणार नाही. लावली की त्याच रात्री फोटो पाठव, दिवे बंद करायच्या आधी, आणि कडा दिसल्या पाहिजेत, चारही बाजूंच्या.

— बाबा